तारण काय देणार?

कर्ज मागायला आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो 'तारण काय देणार?' हा. विचारणारा सावकार असो, पतपेढीचा चिटणीस असो की राष्ट्रीयीकृत बँकेचा शाखाधिकारी असो. शब्द बदलतात, मुद्दा बदलत नाही. यात त्यांचे काही चुकते असेही नाही. बँकेच्या तिजोरीतला पैसा बँकेचा नसतो. तो निवृत्त मास्तरांचा, मुलांच्या शिक्षणासाठी पै-पै साठवणाऱ्या संसारी माणसांचा असतो. कर्ज घेतलेल्या दहा जणांपैकी एकाने जरी हात वर केले, तरी उरलेल्या नऊ जणांच्या व्याजातून ती तूट भरून निघत नाही. म्हणून बँक जमीन पाहते, सोने पाहते, जामीनदार पाहते.

पण ज्याच्याजवळ यातले काहीच नाही, आहे ती फक्त एक कल्पना आणि ती पुरी करण्याची अक्कल, त्याने जावे कोठे? वडिलांकडे, सासऱ्यांकडे, फार तर एखाद्या श्रीमंत मित्राकडे. तेथे दार उघडले नाही की कल्पना वहीतच राहते. अशा किती वह्या आपल्या घराघरांतल्या माळ्यांवर पडून असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही आणि ती करताही येणार नाही. न झालेल्या कारखान्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नसते.

या प्रश्नाला आजच्या तरुणाकडे एक तयार उत्तर आहे. 'व्हेंचर कॅपिटल' हा शब्द त्याच्या तोंडी सहज असतो. आपल्या भाषेत कोणी त्याला साहस भांडवल म्हणतात, कोणी जोखीम भांडवल. तारण न मागता, व्याज न घेता, कंपनीत भागीदार होऊन दिलेला पैसा; कंपनी बुडाली तर तोही बुडाला, तरली तर त्याचा वाटा वाढला. ही रीत कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीत जन्मली अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. तिचे माहेर अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, बोस्टन शहरात आहे. आणि तिच्या जन्माचे एक कारण बंद पडत चाललेल्या कापडगिरण्या हे आहे. गिरणगावाची कहाणी ज्यांनी जवळून पाहिली, त्यांना म्हणूनच ती परकी वाटू नये.

गिरण्यांचा प्रांत

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील सहा छोट्या राज्यांना मिळून न्यू इंग्लंड म्हणतात. अमेरिकेचा कापडधंदा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथेच उभा राहिला. लोवेल, लॉरेन्स, फॉल रिव्हर ही गावे म्हणजे त्या देशातील परळ आणि लालबाग. नदीच्या पाण्यावर गिरणी, गिरणीच्या भोंग्यावर गाव, अशी त्यांची घडण. विसाव्या शतकात हे चित्र पालटले. दक्षिणेत कापूस जवळ होता, मजुरी स्वस्त होती, यंत्रे नवी होती. एकेक गिरणी तिकडे सरकली आणि मागे विटांच्या चार-चार मजली इमारती रिकाम्या राहिल्या.

एकीकडे हे असे, तर दुसरीकडे बोस्टनमध्ये पैशाला तोटा नव्हता. जुन्या व्यापारी घराण्यांची संपत्ती, विमा कंपन्यांचा निधी, विश्वस्त संस्थांच्या ठेवी असा मोठा साठा त्या शहरात होता. मात्र तो बांधलेला होता. विश्वस्ताने दुसऱ्याचा पैसा कसा सांभाळावा याचा एक निर्णय मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने 1830 मध्ये दिला होता. शहाणी, विवेकी, समंजस माणसे स्वतःचा पैसा ज्या रीतीने सांभाळतात त्या रीतीने सांभाळावा, असा त्याचा मथितार्थ. निर्णय अत्यंत सुज्ञ आहे. पण पुढच्या शंभर वर्षांत शहाणपण म्हणजे सरकारी रोखे आणि जुन्या भरभक्कम कंपन्यांचे शेअर, एवढाच त्याचा अर्थ व्यवहारात उरला. नव्या धंद्यात पैसा घालणे हा विश्वस्ताच्या दृष्टीने जवळजवळ अपराध ठरला.

या दोन्हींच्या बरोबर तिसरी एक गोष्ट तेथे होती. दुसऱ्या महायुद्धात रडारपासून अनेक शोधांचे काम बोस्टनशेजारच्या केंब्रिजमधील एमआयटी या तंत्रविद्यापीठात झाले होते. युद्ध संपले तेव्हा त्या प्रयोगशाळांत असे ज्ञान साठले होते की ज्यातून नवे धंदे निघू शकत होते. म्हणजे गिरण्या रिकाम्या, तिजोऱ्या भरलेल्या आणि प्रयोगशाळा तुडुंब. या तिघांची गाठ घालून देणारा मात्र कोणी नव्हता.

ती गाठ घालण्यासाठी काही वजनदार माणसे पुढे आली. राल्फ फ्लँडर्स हे बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष होते. पुढे सिनेटर झाल्यावर जोसेफ मॅकार्थी यांच्याविरुद्ध निषेधाचा ठराव ज्यांनी आणला तेच हे गृहस्थ. कार्ल कॉम्प्टन हे एमआयटीचे अध्यक्ष. त्यांच्याबरोबर एका मोठ्या गुंतवणूक न्यासाचे प्रमुख मेरिल ग्रिसवोल्ड होते आणि हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाचीही मंडळी होती. फ्लँडर्स यांचे म्हणणे सरळ होते. पूर्वी श्रीमंत काका किंवा मामा नव्या उद्योगाला पैसे देत. आता संपत्ती व्यक्तींच्या हातून संस्थांच्या हाती गेली आहे. तेव्हा संस्थांच्या पैशाचा एक अगदी छोटा हिस्सा तरी नव्या उद्योगाकडे वळला नाही, तर नवे उद्योग निघणारच नाहीत. 6 जून 1946 रोजी 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन' ही कंपनी स्थापन झाली. तिला पुढे सगळे 'एआरडी' याच नावाने ओळखू लागले.

पन्नास लाख डॉलर जमवण्याचा बेत होता. 25 डॉलरला एक शेअर विकायला काढला. जमले पस्तीस लाख. विमा कंपन्या, गुंतवणूक न्यास आणि एमआयटीसारखी काही विद्यापीठे यांनी त्यात पैसे घातले. बाकीच्यांनी शहाणपणाची जुनी व्याख्याच धरून ठेवली.

फ्रेंच जनरल

या कंपनीची धुरा ज्यांच्याकडे आली, ते जॉर्ज डोरिओ मूळचे फ्रेंच. जन्म पॅरिसचा, 1899चा. 1921 मध्ये शिकण्यासाठी अमेरिकेत आले आणि हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात प्राध्यापक झाले. 1940 मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. युद्धकाळात सैन्याच्या रसद विभागात संशोधनाचे काम पाहून ते ब्रिगेडियर जनरल झाले. तेव्हापासून ते साऱ्या बोस्टनचे 'जनरल' झाले ते कायमचे. वर्गातला त्यांचा विषय कारखानदारी हा. पण विद्यार्थी सांगत की, तो तास म्हणजे कामाकडे आणि आयुष्याकडे कसे पाहावे याचा तास असे. फ्रान्समधले 'इन्सियाड' हे नामांकित व्यवस्थापन विद्यालय 1957 मध्ये निघाले, त्यामागेही त्यांची प्रेरणा होती.

डोरिओ यांची कसोटी एका वाक्यात सांगता येते. दुय्यम कल्पना घेऊन आलेला अव्वल माणूस त्यांना चालत असे. अव्वल कल्पना घेऊन आलेला दुय्यम माणूस चालत नसे. बँक जेथे तारण पाहत होती तेथे हे गृहस्थ माणूस पाहत होते. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ते फार अवघड आहे, कारण सोन्याला कसोटीचा दगड असतो, माणसाला नसतो. त्यासाठी त्याच्याशी बोलावे लागते, त्याच्या कामाच्या जागी जावे लागते, अडचणीत तो कसा वागतो ते पाहावे लागते. म्हणूनच एआरडीचा बहुतेक पैसा बोस्टनच्या आसपासच्या प्रदेशातच गेला. जेथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल तेथली कंपनी सांभाळणे सोपे. ही कंपनी प्रादेशिक होती ती प्रांताच्या अभिमानापोटी नव्हे. तो धंद्याचाच भाग होता.

कंपन्यांना डोरिओ मुलांची उपमा देत. मूल आजारी पडले म्हणून कोणी ते विकायला काढत नाही, असे त्यांचे म्हणणे. शेअर बाजारातल्या लोकांना हे बोलणे भाबडे वाटे. एआरडीचा स्वतःचा शेअर बाजारात होताच, आणि तो बरीच वर्षे कंपनीजवळच्या मालमत्तेच्या किमतीपेक्षाही खालीच घुटमळत राहिला.

कर्करोग, किरण आणि मासे

पहिली काही वर्षे कशी गेली हे पाहण्यासारखे आहे. एआरडीने पैसे दिलेल्या अगदी पहिल्या कंपन्यांपैकी एक 'हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग'. रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ या शास्त्रज्ञाने शोधलेल्या विद्युतजनित्राचा उपयोग करून कर्करोगावर उपचार करणारी क्ष-किरण यंत्रे बनवणे हा तिचा उद्योग. कॉम्प्टन यांनी डोरिओ यांना सांगितले होते की, ही मंडळी बराच काळ नफा कमावणार नाहीत, परंतु काम इतके माणुसकीचे आहे की ही कंपनी आपल्याकडे असायलाच हवी. दोन लाख डॉलर दिले गेले. 1955 मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले तेव्हा त्या दोन लाखांचे सुमारे अठरा लाख झाले होते. किरणोत्सर्गी समस्थानिकांच्या वापरासाठी उपकरणे बनवणारी 'ट्रेसरलॅब' ही अशीच दुसरी कंपनी. खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करण्याच्या उद्योगातली 'आयोनिक्स' ही तिसरी.

सगळेच काही फळाला आले नाही. पॅसिफिक महासागरात ट्यूना मासे पकडून डबाबंद करण्याचा एक उद्योग साफ बुडाला. शेकडो प्रस्ताव येत, त्यांतून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे निवडले जात, आणि त्या निवडलेल्यांतलेही कित्येक कसेबसे जगत. दहा वर्षे झाली तरी डोळे दिपवणारे काही हाती लागले नव्हते. तशात 1955च्या सुमारास एमआयटीनेच अंग काढून घेतले. नव्या कंपन्यांत पैसा घालणे हे विवेकी माणसाच्या रीतीला धरून नाही, असे कारण त्या वेळी पुढे झाले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या निकालातले शब्द, आणि ते उच्चारणारी संस्था कोणती, तर जिच्या अध्यक्षांनी ही कंपनी काढायला हातभार लावला तीच. आणखी दोन वर्षे धीर धरला असता तर काय झाले असते, ते पुढे येतेच.

'कॉम्प्युटर म्हणू नका'

1957 मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतले दोन तरुण इंजिनिअर एआरडीकडे आले. केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन अशी त्यांची नावे. त्यांना संगणक बनवायचे होते. त्या वेळी संगणक म्हणजे दिवाणखाना भरून टाकणारे, वातानुकूलित खोलीत ठेवायचे आणि पुजाऱ्याशिवाय इतरांनी शिवायचे नाही असे दैवत होते. या दोघांना छोटे, स्वस्त, आणि वापरणाऱ्याने समोर बसून चालवायचे यंत्र करायचे होते.

संचालकांसमोर जाण्याआधी एआरडीच्या मंडळींनी त्यांना काही सूचना दिल्या, त्या आजही मोठ्या चवीने सांगितल्या जातात. एक, 'कॉम्प्युटर' हा शब्द उच्चारू नका. मोठमोठ्या कंपन्या त्या धंद्यात पैसे घालवत आहेत हे संचालकांनी वाचलेले आहे. दोन, पाच टक्के नफ्याची भाषा करू नका. एवढ्यासाठी कोणी धोका पत्करत नाही, दहा टक्के म्हणा. तीन, लवकर फळ दिसेल असे सांगा. संचालक वयस्कर आहेत.

या उपदेशाप्रमाणे कंपनीच्या नावातला 'कॉम्प्युटर' गळला आणि 'डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन' हे नाव पडले. एआरडीने सत्तर हजार डॉलर दिले आणि बदल्यात सत्तर टक्के मालकी घेतली. आजच्या तरुणाला हा सौदा जुलमी वाटेल. पण तो दुसऱ्या कोणीही देऊ केलेला नव्हता, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

कारखान्यासाठी जागा मिळाली ती बोस्टनपासून जवळच्या मेनार्ड या गावी, एका जुन्या लोकरीच्या गिरणीत. ही गिरणी 1950 मध्ये बंद पडली होती आणि तिची जागा तुकड्या-तुकड्यांनी भाड्याने दिली जात होती. जेथे एके काळी लोकर विणली जाई तेथे हे लोक प्रयोगशाळांना लागणारे विद्युत-मंडलांचे छोटे ठोकळे बनवू लागले. आधी ते विकून पोट भरायचे आणि मग संगणकाला हात घालायचा, हा एआरडीला पटलेला बेत होता. पहिल्याच वर्षी नफा झाला. तो पाहून डोरिओ खूश होण्याऐवजी काळजीत पडले असे सांगतात. इतक्या लवकर यश मिळालेले धंदे पुढे टिकलेले त्यांनी पाहिले नव्हते.

हा धंदा मात्र टिकला. 1960 मध्ये पहिले यंत्र ग्राहकाकडे गेले. त्याचे नाव 'पीडीपी-1', म्हणजे 'प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर'. कॉम्प्युटर हा शब्द येथेही चुकवलेला. 1965 मध्ये 'पीडीपी-8' आले, किंमत अठरा हजार डॉलर. त्या काळात ही किंमत अविश्वसनीय होती. शाळा, इस्पितळे, कारखाने यांच्या आवाक्यात संगणक प्रथम आला तो या यंत्रामुळे. 1966 मध्ये डिजिटलचे शेअर बाजारात आले. पुढच्या काही वर्षांत एआरडीच्या सत्तर हजारांचे मोल पस्तीस कोटी डॉलरच्याही वर गेले. म्हणजे एकाचे पाच हजारांहून अधिक.

हिशेब करणाऱ्यांनी नंतर असे दाखवून दिले की, एआरडीने स्वतंत्रपणे काढलेल्या 26 वर्षांत मिळवलेल्या एकंदर नफ्यापैकी जवळजवळ निम्मा या एकाच कंपनीतून आला. साहस भांडवलाचे सारे गणित या एका आकड्यात आहे. बँकेच्या हिशेबात एक बुडाला तर नऊ जणांना ते भरून काढता येत नाही. येथे नऊ बुडाले तरी एक जण भरून काढतो. मात्र तो एक कोणता हे आधी कोणालाच कळत नाही, म्हणून दहाही जणांना तितक्याच निष्ठेने सांभाळावे लागते. एकट्यादुकट्याने असा धोका घेतला तर तो जुगार होतो. अनेकांचा थोडा थोडा पैसा एकत्र करून, जाणकाराच्या हाती देऊन, अनेक ठिकाणी पसरून घेतला तर तो व्यवसाय होतो.

मेनार्डहून पुण्याला

या पैशाची एक शाखा आपल्या दाराशीही पोहोचली आहे. 'पीडीपी-8'च्या रचनेचे नेतृत्व केलेले एडसन डी कॅस्ट्रो 1968 मध्ये डिजिटलमधून बाहेर पडले आणि त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्येच 'डेटा जनरल' ही दुसरी संगणक कंपनी काढली. एमआयटीत शिकलेल्या नरेंद्र पटणी यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस या डेटा जनरलची यंत्रे भारतात आणण्याचे काम हाती घेतले. पटणी यांच्या कंपनीतला सॉफ्टवेअर विभाग सांभाळत होते नारायण मूर्ती. 1981 मध्ये मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी पुण्यात 'इन्फोसिस'ची नोंदणी केली. एका गिरणीत रुजलेल्या सत्तर हजार डॉलरच्या वेलीचा हा एक दूरचा फुटवा.

फरक एवढाच की, येथे कोणी एआरडी नव्हती. इन्फोसिसचे बीजभांडवल होते सुधा मूर्ती यांनी संसारातून बाजूला ठेवलेले दहा हजार रुपये. कंपनीला स्वतःचा संगणक मिळायला 1983 उजाडले. 1993 मध्ये तिचे शेअर विक्रीला निघाले तेव्हाही लोकांनी ते पुरते उचलले नाहीत. ही कथा आपण कौतुकाने सांगतो आणि सांगावीच. पण तिच्यातून निघणारा दुसरा अर्थ तितका सुखाचा नाही. एखाद्या पत्नीजवळ साठवलेले दहा हजार नसतील तर काय? एखाद्या प्रांताचे औद्योगिक भवितव्य गृहिणीच्या काटकसरीवर सोडणे, हे काही धोरण होऊ शकत नाही.

यशातच पेरलेला शेवट

एआरडीचा शेवट तिच्या यशातूनच आला. ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती, त्यामुळे सरकारी नियमांच्या कचाट्यात होती. ज्या कंपन्यांना आपण वाढवले त्यांच्या भाग्यात एआरडीच्या नोकरांना फारसा वाटा घेता येत नसे. त्यांच्या हाताखालून गेलेला उद्योजक लक्षाधीश होई आणि त्याला वर्षानुवर्षे सल्ला देणाऱ्याच्या पगारात किरकोळ वाढ होई. साहजिकच चांगली माणसे गळू लागली. त्यांतले बिल एल्फर्स यांनी 1965 मध्ये बोस्टनमध्येच 'ग्रेलॉक' ही संस्था काढली. ती कंपनी नव्हती, ठराविक मुदतीची भागीदारी होती. पैसा घालणारे वेगळे, तो चालवणारे वेगळे, आणि चालवणाऱ्यांना नफ्यात हिस्सा. कॅलिफोर्नियात ही पद्धत त्याआधीच सुरू झाली होती. पुढे नफ्यातला पाचवा हिस्सा हा जणू या धंद्याचा दस्तूरच ठरला, आणि आज जगभर तीच रीत आहे.

1972 मध्ये एआरडी 'टेक्स्ट्रॉन' या उद्योगसमूहात विलीन झाली. गंमत पाहा. हा टेक्स्ट्रॉन 1923 मध्ये निघाला तो सूत आणि कापडाच्या धंद्यातून. गिरण्यांच्या ऱ्हासावर उतारा म्हणून निघालेली कंपनी अखेर एका जुन्या कापडवाल्याच्याच घरी गेली. डोरिओ 1987 पर्यंत जगले, पण त्या जोमाची एआरडी पुन्हा दिसली नाही. ज्या कायद्याच्या शब्दांनी तिची सुरुवातीपासून अडवणूक केली होती त्यांचा अर्थही बदलला, पण तो 1979 मध्ये. अमेरिकेच्या श्रम खात्याने खुलासा केला की, निवृत्तिवेतन निधीचा थोडा भाग नव्या उद्योगात घालणे हे शहाणपणाला सोडून नाही. त्यानंतर या धंद्याकडे पैशाचा जो लोंढा वळला तो मुख्यतः कॅलिफोर्नियाकडे.

डिजिटलचे काय झाले? 1980च्या दशकाच्या अखेरीस ती संगणकाच्या धंद्यात आयबीएमखालोखालची कंपनी होती. एक लाखाहून अधिक माणसे तिच्या पगारावर होती. मोठ्या यंत्रांना छोटे करून दाखवणाऱ्या या कंपनीला त्याहून छोटा, घरातल्या टेबलावरचा संगणक मात्र वेळेवर ओळखता आला नाही. 1992 मध्ये ओल्सन यांना जावे लागले आणि 1998 मध्ये 'कॉम्पॅक'ने ती विकत घेतली. ज्याने पहिला धोका पत्करला, त्याला दुसरा पत्करवला नाही. ही गोष्ट कंपन्यांना लागू आहे तशीच समाजांनाही आहे.

आपली तिजोरी, आपल्या गिरण्या

आपल्याकडे तारणाऐवजी माणूस पाहण्याची परंपरा नव्हतीच असे नाही. बेळगावहून बस्तान हलवावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, तेव्हा लक्ष्मणरावांजवळ त्या तोलाचे तारण काय होते? लोखंडी नांगराची एक कल्पना आणि एक अव्वल माणूस, एवढेच. बोस्टनच्या जनरलला हा सौदा तात्काळ समजला असता. मात्र एका राजाची गुणग्राहकता ही व्यवस्था होऊ शकत नाही. राजा बदलला, संस्थाने गेली, की ती जाते.

व्यवस्था म्हणून हा विचार आपल्याकडे आला तो 1988 मध्ये. त्या वर्षी केंद्र सरकारने साहस भांडवलाचे पहिले नियम केले आणि आयसीआयसीआय व युनिट ट्रस्ट यांनी मिळून 'टीडीआयसीआय' ही संस्था बंगळूरला सुरू केली. 1990 मध्ये अहमदाबादला 'गुजरात व्हेंचर फायनान्स' निघाली. आंध्रातही तसा प्रयत्न झाला. 'सेबी'ने 1996 मध्ये आणि पुन्हा 2012 मध्ये या निधींसाठी नियमावल्या केल्या. आज पैसा पुष्कळ आहे. पुण्या-मुंबईच्या तरुणांपर्यंत तो पोहोचतही आहे. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो पैशाच्या स्वभावाचा. आजचा बहुतेक पैसा घाईत असतो. पाच-सात वर्षांत कंपनी फुगली पाहिजे, विकली गेली पाहिजे, आणि घातलेला पैसा कित्येक पटींनी बाहेर पडला पाहिजे. घरपोच किराणा पोहोचवणाऱ्या धंद्याला हे कदाचित जमेल. नवे औषध, नवे यंत्र, नवे बियाणे यांना ते जमत नाही. कॉम्प्टन यांनी कर्करोगाच्या यंत्रांबद्दल जे सांगितले, ते आजच्या किती निधींच्या बैठकीत बोलता येईल? आणि हा पैसा सहसा दोन-चार महानगरांच्या हद्दीतच फिरतो. सांगलीच्या, लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलाकडे जाऊन, त्याच्या कार्यशाळेत दोन तास उभे राहून, हा माणूस अव्वल आहे की दुय्यम याचा अंदाज घेणारा कोण आहे? माणूस पाहूनच पैसा द्यायचा असेल तर पाहणारा जवळ असावा लागतो. एआरडीचा सगळ्यात टिकाऊ धडा हाच आहे.

मराठी माणूस धोका पत्करत नाही, अशी एक लाडकी तक्रार आपण वर्षानुवर्षे ऐकतो. मुदतठेव, सोने आणि फ्लॅट यांपलीकडे आपली बचत जात नाही, हेही खरेच. पण बोस्टनचा माणूस तरी कोठे वेगळा होता? तोही रोख्यांवर झोपणारा होता. फरक पडला तो स्वभाव बदलल्याने नव्हे. एका बँकरने, एका विद्यापीठाच्या अध्यक्षाने आणि एका प्राध्यापकाने मिळून, प्रत्येकाच्या बचतीतला अगदी थोडा भाग धोक्यात घालता येईल अशी एक जागा तयार केली. आपल्याकडे सहकाराने साखर कारखाने उभे केले ते याच तत्त्वावर. शेतकऱ्याचा एकेक शेअर गोळा करून उभ्या राहिलेल्या प्रांताला ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. मात्र सहकाराच्या अनुभवाने एक इशाराही दिला आहे. अव्वल माणूस निवडण्याची खुर्ची आपल्या माणसाची वर्णी लावण्यासाठी वापरली गेली की असा निधी एका पिढीत पोकळ होतो. या धंद्यात बुडणे हा दोष नाही. कोणाला आणि का दिले हे सांगता न येणे, हा दोष आहे.

जानेवारी 1982 मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कित्येक पुन्हा कधी आत गेले नाहीत. त्या गिरण्यांच्या जमिनींवर आज मनोरे आहेत, मॉल आहेत, कार्यालये आहेत. जमिनीची किंमत वसूल झाली. म्हणजे आपण तारण वसूल केले. मेनार्डच्या गिरणीने लोकर पाहिली, मग संगणक पाहिले, आणि डिजिटल गेल्यावर नोकऱ्या शोधून देणारी 'मॉन्स्टर' ही इंटरनेट कंपनी 1998 मध्ये त्याच भिंतींच्या आत आली व 2014 पर्यंत राहिली. कोणताच धंदा तेथे कायम टिकला नाही. पण एक गेला की दुसऱ्याला येता येईल, एवढी जागा त्या इमारतीत आणि त्या प्रांताच्या तिजोरीत कोणीतरी राखून ठेवली होती. रिकाम्या जागेत काय उभे राहते, हे जागेच्या भावावर ठरत नाही. तिच्या दाराशी आलेल्या तरुणाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, त्यावर ते ठरते.